नोकरीने लेखन खाल्ले काय?

बृहन्महाराष्ट्रातील मराठी मंडळी एकत्र जमली आणि त्यांत चारदोन लिहिणारे निघाले, की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘काय करणार, नोकरीने लेखन खाल्ले!’ वाक्य उच्चारणाऱ्याने कॉलेजात असताना तीनचार कथा लिहिलेल्या असतात, त्यांतील एखादी छापूनही आलेली असते. पुढे तो परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरतो, दिल्लीस किंवा कलकत्त्यास जातो, टिपणे, मसुदे आणि स्मरणपत्रे लिहू लागतो, आणि मग त्याची लेखणी थांबते. ऐकणारे मान डोलावतात, कोणी सुस्कारा टाकतो, चहाचा दुसरा पेला येतो. या वाक्याला आजवर कोणी हरकत घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. म्हणून ती आम्ही घेत आहो.

नोकरी वेळ खाते, हे आम्हांस मान्य आहे. सकाळची बस, संध्याकाळची बस आणि मधली फाइल यांत दिवस सरतो, हे आम्हीही रोज अनुभवतो. आमची हरकत वेळेबद्दल नाही. या वाक्यात एक गृहीत धरलेली गोष्ट लपलेली आहे, तिच्याबद्दल आहे. ती अशी, की साहित्य म्हणून जे काही असते ते कचेरीच्या बाहेर, कोठे तरी दूर, असते; कचेरीत नुसता वेळ जातो, जीवन जात नाही. दिवसाचे आठनऊ तास आणि आयुष्याची तीसपस्तीस वर्षे ज्या खोलीत घालवायची, त्या खोलीत लिहिण्याजोगे काहीच घडत नाही, असे सुशिक्षित माणसाने म्हणावे, ही आमच्या मते साधी तक्रार नव्हे. तो स्वतःच्या आणि शेजारच्या टेबलावरील माणसाच्या आयुष्याचा केलेला अवमान आहे.

या बाबतीत आम्ही एका परक्या माणसाची साक्ष काढतो. फिल्म सोसायट्यांच्या कृपेने आपल्यापैकी पुष्कळांना इटालियन चित्रपटांची ओळख आहे. डी सिका, फेलिनी, आंतोनिओनी ही नावे जिभेवर असतात. एर्मान्नो ओल्मी हे नाव त्या मानाने कमी घेतले जाते. वास्तविक आम्हां मंडळींनी ते सर्वांत आधी घ्यावयास हवे होते, कारण हा दिग्दर्शक कारकून होता.

ओल्मीचा जन्म १९३१ साली उत्तर इटलीतील बेर्गामो येथे झाला. बाप रेल्वेत कामगार. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गेला. आई मिलान येथील एडिसनव्होल्टा या वीज कंपनीत कामाला होती. त्याच कंपनीत हा मुलगाही कोवळ्या वयात कारकून म्हणून लागला. मोठ्या कंपन्यांत नोकरांच्या करमणुकीसाठी मंडळे असत, तसे तेथेही होते. त्या मंडळासाठी ओल्मी नाटके बसवू लागला. आपल्याकडे परगावच्या महाराष्ट्र मंडळांत गणेशोत्सवात हौशी कारकून जे करतात, तेच हे काम. फरक पुढे पडला. कंपनीने त्याच्या हाती कॅमेरा दिला आणि धरणांची, वीजकेंद्रांची, तारांच्या मनोऱ्यांची माहिती देणारे लघुपट काढण्यास सांगितले. १९५३ पासून १९६१ पर्यंत त्याने असे सुमारे चाळीस लघुपट केले. कंपनीला धरणे दाखवावयाची होती. ओल्मीचा कॅमेरा मात्र धरण बांधणाऱ्या माणसांकडे वळत गेला.

चित्रपटकलेचे शिक्षण म्हणावे तर त्याचे हेच. रोमच्या स्टुडिओत उमेदवारी करावी, एखाद्या नामांकित दिग्दर्शकाचा साहाय्यक व्हावे, असे काही त्याने केले नाही. ज्या कामाचा त्याला पगार मिळत होता, त्याच कामाकडे तो नीट पाहावयास शिकला. १९५९ साली त्याचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला, ‘काळ थांबला आहे’. आल्प्सच्या उंच भागात, हिवाळ्यात काम बंद पडलेल्या धरणावर दोन पहारेकरी राहतात. एक प्रौढ, दुसरा नव्याने आलेला विद्यार्थी. बर्फ पडते, वादळ होते, दोघांचा परिचय वाढतो. कथानक म्हणावे तर एवढेच. मूळचा लघुपटाचा संकल्प वाढत वाढत हा चित्रपट झाला. सरकारी विश्रामगृहाच्या चौकीदाराबरोबर ज्याने पावसाळ्यातील एक रात्र काढली आहे, त्याला यातील मौनाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आता ज्या चित्रपटासाठी आम्ही हे नाव काढले, त्याकडे वळतो. १९६१ साली ओल्मीने ‘इल पोस्तो’ काढला. या इटालियन शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द आहे, तो म्हणजे ‘जागा’. ‘कचेरीत जागा निघाली आहे’ असे आपण म्हणतो, ‘गाडीत जागा मिळाली नाही’ असेही म्हणतो. इटालियन शब्दातही हे दोन्ही अर्थ नांदतात आणि चित्रपट या दोन्हींवर उभा आहे.

मिलानजवळच्या मेदा या गावातील दोमेनिको नावाचा मुलगा शिक्षण सोडून एका बड्या कंपनीत जागेसाठी परीक्षेला येतो. एकदा आत शिरला की जन्माची ददात मिटली, अशी घरच्यांची समजूत. ही समजूत आमच्या ओळखीची आहे. परीक्षेत अंकगणिताचे एक उदाहरण असते. नंतर वैद्यकीय तपासणी होते, उमेदवारांना उठाबशा काढावयास लावतात, आणि भविष्याविषयी निराशा वाटते काय, असल्या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी द्यावी लागतात. तेथेच त्याला आंतोनिएत्ता नावाची मुलगी भेटते. मधल्या सुट्टीत दोघे कॉफी प्यायला जातात, आणि प्यालेल्या कॉफीचे कप कोठे ठेवावयाचे हे न कळून दोघेही घोटाळतात. शहरात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या तरुणाची अवस्था सांगण्यास ओल्मीला एवढे पुरते. पुढे दोघांनाही नोकरी मिळते, पण खाती निराळी, इमारती निराळ्या, जेवणाच्या सुट्टीच्या वेळाही निराळ्या. त्यांची ताटातूट कोणा खलनायकाने केलेली नाही. ती वेळापत्रकाने केली आहे. कारकुनाची जागा रिकामी नसल्यामुळे दोमेनिकोला तूर्त शिपाई म्हणून एका म्हाताऱ्या शिपायाच्या शेजारी बसवितात, आणि तो जागा रिकामी होण्याची वाट पाहू लागतो.

जागा रिकामी कशी होते? एक कारकून मरतो. या कारकुनाला आपण आधी पाहिलेले असते. ओल्मी मध्येच मूळ कथा सोडून खोलीतील एकेका कारकुनाच्या घरी डोकावतो. कोणी गाण्याचा शौकीन आहे. कोणा बाईचा मुलगा हाताबाहेर गेला आहे आणि ती डोळे पुसत उशिरा कामावर येते. आणि हा एक, दृष्टीने अधू, रात्री भाड्याच्या खोलीत दिव्याखाली वाकून कादंबरी लिहितो आहे, आणि घरमालकिणीला विजेच्या खर्चाची चिंता लागली आहे. तो जातो. त्याचे टेबल साफ करताना हस्तलिखिताची पाने निघतात. त्या टेबलावर दोमेनिकोला बसविण्यात येते. त्याबरोबर मागील रांगेतून एक ज्येष्ठ कारकून उठतो : आम्ही वीस वर्षे येथे आहो आणि पुढची जागा या पोराला? तक्रार मान्य होते. मग एकेक जण आपापले सामान उचलून एकेक टेबल पुढे सरकतो, आणि दोमेनिको अगदी शेवटच्या टेबलाशी जाऊन बसतो, जेथे दिव्याचा उजेड नीट पोहोचत नाही. प्रती काढण्याच्या यंत्राचा ठेका वाढत जातो, मुलाच्या चेहऱ्यावर कॅमेरा स्थिरावतो आणि चित्रपट संपतो.

ज्येष्ठतेची यादी ज्यांनी जन्मभर तोंडपाठ ठेवली आहे, त्या आमच्या वाचकांना या प्रसंगाचे भाष्य करून सांगणे म्हणजे त्यांचा उपमर्द होईल. जगातील दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात टेबल पुढे सरकण्याचा आनंद आणि त्या आनंदाची लाज ही दोन्ही एकाच वेळी इतकी खरी दाखविली असतील, असे आम्हांस वाटत नाही.

येथे प्रतिपक्ष म्हणेल, की हा चित्रपट आमच्याच बाजूची साक्ष देतो. कचेरीने त्या कादंबरीकाराला खाल्लेच की नाही? हस्तलिखित खणात राहिले, माणूस मेला, लेखन गेले. याहून स्पष्ट पुरावा कोणता?

आम्ही म्हणतो, हा पुरावा पुन्हा एकदा तपासावा. मेलेला कारकून लिहीत होता तो घरी, रात्री, कचेरीला पाठमोरा होऊन. दिवसभर ज्या खोलीत तो बसे, तेथे शेजारची बाई रोज रडून येई, पाठीमागचा माणूस पुढच्या टेबलाकडे डोळे लावून वीस वर्षे काढी, आणि नव्या पोराचे बालपण डोळ्यांदेखत संपे. त्या खोलीची कादंबरी त्या कारकुनाने लिहिली की नाही, हे चित्रपट सांगत नाही. ती ओल्मीने लिहिली, कॅमेऱ्याने. दोघेही कारकूनच. एकाने खोलीला कलेचा शत्रू मानले असेल; दुसऱ्याने तीच खोली कलेचा विषय केली. चित्रीकरणासाठी त्याने खऱ्या कंपनीच्याच कचेऱ्यांचा उपयोग केला आणि नाटक-सिनेमाशी संबंध नसलेली माणसे घेतली. दोमेनिकोचे काम करणारा मुलगा धंदेवाईक नट नव्हता. आंतोनिएत्ताचे काम करणारी लोरेदाना देत्तो पुढे ओल्मीची पत्नी झाली.

दोन वर्षांनी, १९६३ साली, ‘वाग्दत्त’ आला, आणि तो तर जणू बदलीवर असलेल्या आम्हां लोकांसाठीच काढला असावा. मिलानमधील एका वेल्डरला कंपनी सिसिलीतील नव्या रसायन कारखान्यात दीड वर्षासाठी पाठविते. बढतीची संधी आहे, नाकारणे परवडत नाही. म्हाताऱ्या बापाची वृद्धाश्रमात सोय लावून, वाग्दत्त वधूला मागे ठेवून तो निघतो. दोघांचे नाते आधीच काहीसे थकलेले आहे. दक्षिणेतील परका मुलूख, खोलीतील एकटेपणा, रविवारची रिकामी दुपार, मिठागरांचे पांढरे ढीग, कार्निव्हलच्या गर्दीत हरवल्यासारखे फिरणे, हे सर्व तो मुकाट्याने सोसतो. मग पत्रे सुरू होतात. जवळ असताना जे बोलता आले नाही, ते अंतर पडल्यावर लिहिता येते. बदलीला आपण माणसे तोडणारी म्हणतो. ओल्मीही तसे म्हणतो. परंतु त्या तुटण्यातूनच दोन मुकी माणसे बोलती झाली, हेही तो नोंदवितो. बदलीच्या हुकमावर इतके बारकाईने विचार करणारी मराठी कथा आमच्या तरी वाचनात नाही, आणि ती लिहिण्याचा अधिकार असलेले लोक तर हा अंक हातात घेऊन बसले आहेत!

ओल्मीविरुद्ध एक वजनदार आक्षेप त्याच्या देशातच घेतला गेला. तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९७८ साली ‘लाकडी जोड्यांचे झाड’ या चित्रपटाला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेर्गामोच्या परिसरात एका जमीनदाराच्या वाड्यात काही शेतकरी कुटुंबे राहतात. घर, गोठे, जमीन, झाडे सर्व मालकाचे. पिकाचे दोन तृतीयांश त्याचेच. तीन तासांच्या या चित्रपटात काम करणारी माणसे त्या भागातील खरे शेतकरी आहेत आणि ती प्रमाण इटालियन बोलत नाहीत, बेर्गामोची बोली बोलतात. लेखन, छायाचित्रण, संकलन ओल्मीने स्वतःच केले. डाव्या विचाराच्या टीकाकारांनी म्हटले, की यातील शेतकरी प्रार्थना करतात, सोसतात, पण उठत नाहीत. ही शरणागतीची पूजा आहे. दोनच वर्षांपूर्वी बेर्तोलुच्चीचा ‘१९००’ हा भव्य चित्रपट आला होता. त्यात शेतकरी लाल निशाण घेऊन मालकाचा न्याय करतात. त्याच्यापुढे ओल्मीचे शेतकरी फिके वाटले, यात नवल नाही.

हा आक्षेप आम्हांस कचेरीतही ऐकू येतो : कारकुनाचे जीवन रंगविणे म्हणजे लाचारी रंगविणे, बंड नसेल तेथे साहित्य कसले? म्हणून त्याचे उत्तर त्या चित्रपटाच्याच शेवटाकडे बोट दाखवून देतो. बातिस्ती नावाच्या शेतकऱ्याचा लहान मुलगा हुशार आहे; पाद्र्याच्या सांगण्यावरून त्याला लांबच्या शाळेत घातले आहे. येण्याजाण्यात त्याचा लाकडी जोडा फुटतो. बाप रात्री मालकाच्या झाडांपैकी एक तोडून नवा जोडा करून देतो. मालकाला कळते. एका झाडासाठी ते कुटुंब घराबाहेर काढले जाते. संध्याकाळी गाडीवर सामान चढते, आणि वाड्यातील बाकीची कुटुंबे, जी आजवर सुखदुःखात एकत्र होती, आपापल्या दाराखिडक्यांआड उभी राहून प्रार्थना पुटपुटतात. कोणी बाहेर येत नाही. गाडी गेल्यावर, अंधारात, ती हळूहळू बाहेर पडतात.

याला शरणागतीची पूजा म्हणणाऱ्यांनी खिडकीआडचे ते चेहरे पाहिले नसावेत. ओल्मी त्यांना शिव्या देत नाही आणि त्यांची वकिलीही करीत नाही. तो आपल्याला त्यांच्यामध्ये नेऊन उभे करतो आणि गाडी जाईपर्यंत तेथून हलू देत नाही. लाल निशाणाचा चित्रपट पाहताना प्रेक्षक आपोआप शूर बाजूला जातो, आणि घरी निवांत झोपतो. हा चित्रपट पाहणाऱ्याला तशी सवलत नाही. एखाद्या सहकाऱ्यावर अन्यायाचा मेमो निघतो, तो आपले सामान आवरून जातो, आणि आम्ही सर्व जण त्या क्षणी फाइलीत अधिकच लक्ष घालतो. असा दिवस कोणत्या कचेरीने पाहिला नाही? त्या दिवसाचे चित्रण करणारा लेखक भेकडपणा शिकवितो, असे कोणी म्हणेल काय? आपण जे करीत नाही, ते आपल्याला दाखविणे हेही बंडाच्या आधीचे एक काम आहे, आणि ते कोणी तरी करावेच लागते.

शेवटचा आक्षेप सोपा आहे : ओल्मीने अखेर नोकरी सोडलीच ना? सोडली. मित्रांबरोबर त्याने स्वतःची निर्मितिसंस्था काढली. १९६५ साली पोप तेविसावे जॉन यांच्या चरित्रावर काढलेल्या चित्रपटाला लोकांनी थारा दिला नाही, आणि पुढची कित्येक वर्षे त्याने मुख्यतः दूरदर्शनसाठी काम केले. १९८० नंतरच्या दशकात जीवघेण्या आजाराने त्याला काही वर्षे खिळवून ठेवले. त्यातून उठून १९८८ साली त्याने व्हेनिसचा सुवर्णसिंह जिंकला. या सर्व काळात तो रोमला जाऊन राहिला नाही. उत्तरेकडील आसियागोच्या पठारावर त्याने घर केले, आणि १९८२ साली बास्सानो देल ग्राप्पा येथे तरुणांसाठी चित्रपटाची एक शाळा सुरू केली. २०१४ सालचा पहिल्या महायुद्धावरील ‘कुरणे पुन्हा येतील’ हा चित्रपट त्याने आपल्या बापाला अर्पण केला. त्या युद्धाच्या गोष्टी त्याने लहानपणी बापाकडूनच ऐकल्या होत्या. २०१८ साली, वयाच्या ८६व्या वर्षी, आसियागो येथेच तो वारला. म्हणजे नोकरी त्याने सोडली, पण नोकरीत शिकलेली नजर सोडली नाही. शिवाय हेही ध्यानात घ्यावे, की नोकरी सोडली तेव्हा त्याच्या पदरी चाळीस लघुपट होते. आमची मंडळी नोकरी सुटल्यावर, म्हणजे निवृत्तीनंतर, लिहावयास बसणार आहेत!

आणि तोवर लिहितात ते काय? बृहन्महाराष्ट्रातील कोणतेही दिवाळी अंक चाळावेत. गावची नदी, आजोळचा वाडा, आंब्याची अढी, आईच्या हातच्या भाकरीची आठवण. हे विषय वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. ओल्मीचा उत्तम चित्रपटही आजोळच्या मातीतलाच आहे. पण त्याने आधी ‘जागा’ केला आणि मग ‘झाड’ केले. समोरच्या माणसाकडे पाहण्याचा सराव झाल्यावर तो जुन्या वाड्याकडे वळला, म्हणून त्या वाड्यातही त्याला नुसता गोडवा दिसला नाही. पिकातला दोन तृतीयांश वाटा दिसला, आणि बंद खिडक्या दिसल्या. आम्ही समोरचे न पाहता मागचे आठवतो, म्हणून आमच्या आठवणींत कोणीच कोणाला घराबाहेर काढीत नाही.

शिलाँगला बदली झालेला कारकून पहिल्या हिवाळ्यात काय करतो, दिल्लीच्या सरकारी वसाहतीत घराचे वाटप होईपर्यंतची वर्षे कशी जातात, पदोन्नतीच्या यादीत शेजाऱ्याच्या खाली नाव आल्यावर दोन घरांतील हळदीकुंकू कसे थांबते, परप्रांतात शाळा शिकणाऱ्या मुलाला आजीचे पत्र वाचता येत नाही तेव्हा बाप काय म्हणतो, हे मराठीत कोणी लिहावयाचे? पुण्यात बसलेल्या लेखकाला ते ठाऊक नाही, आणि ठाऊक व्हावे अशी त्याच्यावर सक्तीही नाही. ते फक्त आम्हांस ठाऊक आहे. आम्ही ते लिहिले नाही, तर दोन तीन पिढ्यांचे हे जिणे मराठी भाषेच्या दृष्टीने घडलेच नाही, असे होईल. आणि तो दोष कोणत्याही खात्याच्या माथी मारता येणार नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत कोणी ‘नोकरीने लेखन खाल्ले’ असे म्हणाले, तर मान डोलावू नये. त्यास इतकेच विचारावे, की आपल्या शेजारच्या टेबलावर जे गृहस्थ दहा वर्षे बसले आहेत, त्यांच्या घरी कोण कोण असते? उत्तर देता आले, तर ते लिहून मागावे. देता आले नाही, तर लेखन कोणी खाल्ले याचा शोध घेण्यासाठी नोकरीपर्यंत जाण्याचे कारण उरत नाही.